उरलेली औषधे आणि त्यांचा पुढचा रुग्ण

ताप उतरला की दोन-चार गोळ्या कपाटात पडून राहतात, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. पण किमतीने आणि महत्त्वाने मोठी असणारी औषधे घरात उरतात ती वेगळ्याच कारणांनी. डॉक्टर मात्रा बदलतात आणि आधीच्या मात्रेच्या पट्ट्या निरुपयोगी होतात. एखादे औषध सोसत नाही, अंगावर पुरळ उठते किंवा तळहात-तळपायांची कातडी सोलवटते आणि ते थांबवून दुसरे सुरू करावे लागते. तपासणीत आजार पुढे सरकलेला दिसतो आणि महिन्याभरासाठी आणून ठेवलेले औषध त्याच दिवशी बाद ठरते. अनेकदा तर रुग्णच राहत नाही. कर्करोग, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण, जुनाट संधिवात अशा आजारांत घरी शिल्लक राहिलेल्या औषधांची किंमत हजारांच्या घरात जाते आणि त्याच वेळी, त्याच शहरात, तेच औषध परवडत नाही म्हणून कोणीतरी एक दिवसाआड गोळी घेत असते. ही दोन घरे एकमेकांना कशी सापडावीत आणि ती सापडताना कोणालाही अपाय कसा होऊ नये, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी फार्मासिस्ट आहे. रुग्णालयाच्या औषध विभागातली नोकरी संपल्यानंतर मी पुण्यातल्या एका धर्मादाय संस्थेच्या औषधपेढीत नियमाने बसते. लोक घरी उरलेली औषधे आणून देतात, आम्ही ती तपासतो, वर्गवारी करतो, नोंदवहीत चढवतो आणि रुग्णालयांच्या समाजसेवा अधीक्षकांनी, म्हणजे गरीब रुग्णांना मदत मिळवून देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, पाठवलेल्या गरजू रुग्णांपर्यंत, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मार्फतच पोहोचवतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि केस पेपर पाहिल्याशिवाय एकही पट्टी बाहेर जात नाही. या कामाविषयी लोकांच्या मनात फार सद्भावना आहे आणि ती सद्भावना मी रोज पाहते. परंतु औषध हे कपड्यांसारखे किंवा धान्यासारखे दान नव्हे, ही जाणीव त्या मानाने कमी आहे. म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

पिशवी टेबलावर रिकामी केली की आम्ही सर्वांत आधी सगळ्या पट्ट्या उलट्या करून मांडतो. पुढच्या बाजूला औषधाचे नाव कितीही मोठे असले, तरी आम्हांला हवा असलेला मजकूर मागच्या चंदेरी वेष्टनावर, बहुतेकदा एका कडेला, छापलेला किंवा दाबून उमटवलेला असतो: बॅच क्रमांक (एका खेपेत बनलेल्या औषधाचा क्रमांक), उत्पादनाचा महिना आणि मुदत संपण्याचा महिना. मुदत महिना आणि वर्ष अशा स्वरूपात दिलेली असते आणि नियमानुसार त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरण्याजोगे मानले जाते. मेडिकलवाल्याने दहातल्या सहा गोळ्या कापून दिलेल्या असतील, तर मुदतीची कडा बहुधा दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावर राहिलेली असते आणि रुग्णाच्या घरी आलेल्या सहा गोळ्यांवर ना बॅच असते ना मुदत. असा तुकडा, गोळी कितीही महाग असो, आम्ही बाजूला काढतो. ज्याची मुदत वाचता येत नाही ते औषध माझ्या स्वतःच्या घरातल्या माणसाला मी देणार नाही, आणि जे माझ्या घरी चालत नाही ते दुसऱ्याच्या घरी चालते असे मानण्याचा मला अधिकार नाही.

त्यानंतर पट्टी प्रकाशासमोर धरून पाहायची. वेष्टन फुगले आहे का, एखाद्या गोळीचा रंग शेजारणीपेक्षा गडद झाला आहे का, कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या आहेत का, पट्टीला सुईच्या टोकाएवढे छिद्र आहे का. आणि मग आणणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा, जो ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते: हे घरात कुठे ठेवले होते? बरीच औषधे पंचवीस किंवा तीस अंशांखाली ठेवण्याची सूचना वेष्टनावरच असते. गॅसच्या वरच्या फळीवर, गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत ठेवलेल्या औषधाने विदर्भातला किंवा मराठवाड्यातला एक मे महिना काढला असेल, तर मुदत शिल्लक असूनही त्याचा भरवसा देता येत नाही. इन्सुलिनचे तर विचारायलाच नको. ते दोन ते आठ अंशांत सलग राहिले की नाही, हे बाटलीकडे पाहून जगातला कोणताही फार्मासिस्ट सांगू शकत नाही, म्हणून घरून आलेले इन्सुलिन आम्ही घेतच नाही. उघडलेली सिरपची बाटली, उघडलेले डोळ्यांचे थेंब, डबीतल्या सुट्या गोळ्या, कागदाच्या पुडीत बांधलेल्या गोळ्या यांनाही नकार द्यावा लागतो. आणणारी माणसे कष्टी होतात आणि त्यांचे वाईट वाटणे मला कळते.

अलीकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. पत्नीला मोठ्या आतड्याचा कर्करोग होता आणि शस्त्रक्रियेनंतर तिला कॅपसायटाबिनच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या; ज्याला रुग्ण आपापसांत ‘गोळ्यांची किमो’ म्हणतात. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि मग सात दिवस विश्रांती, अशी ती एक सायकल असते. त्यांनी आणलेल्या प्रत्येक पट्टीवर निळ्या बॉलपेनने तारीख आणि ‘सकाळ’ किंवा ‘रात्र’ असे वळणदार अक्षरांत लिहिलेले होते, कारण पत्नीला दिसायला कमी झाले होते आणि चूक होऊ नये म्हणून ते आधीच सगळे लिहून ठेवत. “ताई, एक सायकल तिनं पुरी केली,” ते म्हणाले. “दुसरी आणून ठेवली होती. पण हातापायांची कातडी सोलायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, थोडं थांबू. मग परत सुरू करायची वेळच आली नाही.” पट्ट्या संपूर्ण होत्या, सोबत बिल होते, मुदत वर्षभराहून जास्त होती आणि औषध बेडरूमच्या लाकडी कपाटात राहिले होते. एकच पट्टी फोडलेली होती, तिच्यातल्या दोन गोळ्या घेतलेल्या. ती त्यांच्या समोरच वेगळी ठेवली. त्यांनी विचारले, “कोणाला गेल्या ते कळेल का?” तसे आम्ही कळवत नाही. घेणाऱ्याचे नाव देणाऱ्याला आणि देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला सांगायचे नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम आहे. उपकाराचे ओझे घेऊन कोणी औषध घेऊ नये, असे आम्हांला वाटते. त्यांनी मान हलवली आणि पट्ट्यांवरची अक्षरे पुसून टाकावीत का, असे विचारले. ती आम्ही स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, कारण पुढच्या रुग्णाच्या वेळा आणि मात्रा वेगळ्या असणार.

त्या औषधांचे पुढे काय झाले, हे सांगणे महत्त्वाचे आहे, कारण दानाची खरी अडचण तिथे दिसते. उंची-वजनाप्रमाणे मात्रा ठरत असल्यामुळे कॅपसायटाबिनच्या एका सायकलला बऱ्याच रुग्णांना शंभराच्या आसपास गोळ्या लागतात. बार्शीकडच्या एका मजूर बाईंची चिठ्ठी आमच्याकडे आलेली होती, मात्राही जुळत होती, पण आमच्याकडच्या गोळ्यांनी त्यांची सायकल पुरी होत नव्हती. अशा वेळी असेल तेवढे देऊन टाकावे, असे कोणालाही वाटेल. आम्ही तसे करत नाही. अर्धी सायकल घेऊन पैशांअभावी थांबलेल्या रुग्णाला औषधाचा त्रास पूर्ण होतो आणि लाभ अपुरा राहतो. म्हणून उरलेल्या गोळ्या संस्थेच्या निधीतून विकत घेऊन, एकच बॅच शक्य नसली तरी एकाच कंपनीचे औषध जुळवून, सायकल पूर्ण करून मगच ते रुग्णालयात पोहोचवले. दान म्हणून आलेले औषध कधी येईल आणि किती येईल, याचा नेम नसतो. रुग्णाच्या आजाराला मात्र नेम असावा लागतो. ही तफावत पैशाने भरून काढण्याची तयारी नसेल, तर औषधपेढी सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे मत याहून कमी लोकप्रिय आहे. प्रत्येक चांगली, मुदतीतली, सीलबंद गोळी दान करण्याजोगी असतेच असे नाही. रक्तदाबाची अम्लोडिपिन, मधुमेहाची मेटफॉर्मिन, तापाची पॅरासिटामॉल ही औषधे जनऔषधी केंद्रांत इतक्या कमी किमतीत मिळतात, की घरोघरच्या चार-चार गोळ्या गोळा करणे, तपासणे, नोंदवणे आणि सांभाळणे यांत जाणारी मेहनत त्यांच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होते. शिवाय रक्तदाबाच्या रुग्णाला ते औषध कायम लागणार असते आणि त्याला दर महिन्याला वेगळ्या रंगाची, वेगळ्या आकाराची गोळी देणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण आहे. बडोद्याच्या लोकॉस्ट या संस्थेने १९८३ पासून गरजूंसाठी काम करणाऱ्या दवाखान्यांना स्वस्त आणि दर्जेदार औषधे बनवून देण्याचा मार्ग धरला, तो मला या प्रकारच्या औषधांसाठी अधिक शहाणपणाचा वाटतो. ज्यांना रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णांना मदत करायची आहे, त्यांनी औषधांऐवजी पैसे द्यावेत. उरलेल्या औषधांचे दान जिथे खरोखर उपयोगी पडते, ते क्षेत्र लहान आहे: कर्करोगाच्या गोळ्या, प्रत्यारोपणानंतरची औषधे, संधिवातावरची काही महागडी औषधे, रक्त पातळ ठेवणारी नवी औषधे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना रुग्णालयातल्या उपचारांचा भार उचलतात. घरी बसून महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्यांचा खर्च मात्र पुष्कळदा कुटुंबाच्याच माथी राहतो. त्या फटीत ही औषधे उपयोगी पडतात.

या लहान क्षेत्रातही सावधगिरी सोडता येत नाही. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणाच्या रुग्णाला लागणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचे रक्तातले प्रमाण अगदी अरुंद मर्यादेत ठेवावे लागते आणि कंपनी बदलली तरी ते खाली-वर होऊ शकते. त्यामुळे रुग्ण ज्या कंपनीचे औषध घेतो तेच आमच्याकडे असेल आणि त्याच्या मूत्रपिंडतज्ज्ञाने लेखी होकार दिला असेल, तरच ते देतो. मेथोट्रेक्सेट ही पिवळसर, लहानशी गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती कोणी रोजची समजून घेतली तर रक्तपेशी तयार होणेच थांबते आणि जिवावर बेतते. अशी गोळी वेष्टनाशिवाय, सूचनेशिवाय, शेजारीण दयाळूपणे शेजारणीला देते तेव्हा काय होऊ शकते, हे डोळ्यांसमोर आणावे. अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्यांविषयी तर मी आणणाऱ्याला आधी हेच विचारते की त्या उरल्या कशा. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले आणि बरे वाटले म्हणून तिसऱ्या दिवशी थांबवले, हेच बहुतेकदा उत्तर असते. ते अर्धे पाकीट दुसऱ्या रुग्णाच्या कामाचे नसते, कारण त्यालाही पूर्ण कोर्स लागतो. मॉर्फिनसारखी औषधे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात. ती आम्हांला हातातही घेता येत नाहीत आणि ज्या रुग्णालयातून मिळाली तिथेच परत नेऊन देण्यास आम्ही सांगतो.

जगाने हा धडा बरीच किंमत मोजून घेतला आहे. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगभरातून पाच हजार टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य तिथे लोटले. काय आले आहे हे नीट समजायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के औषधांची मुदत पोहोचतानाच संपलेली होती, चार टक्के थंडीने गोठून वाया गेली, आणि उरलेल्यांपैकी जेमतेम तीस टक्के औषधे सहज ओळखता येण्याजोगी होती. बोस्नियात १९९२ ते १९९६ या युद्धकाळात निरुपयोगी औषधांचे प्रमाण सतरा हजार टनांच्या आसपास गेल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला आणि ती नष्ट करण्याचा भार त्या होरपळलेल्या देशावर पडला. लिथुआनियातली घटना तर अंगावर काटा आणते. तिथे १९९३ मध्ये दान आलेल्या औषधांत क्लोसँटेल नावाचे जनावरांच्या जंतांवरचे औषध होते. त्याची नीट माहिती सोबत नव्हती, ते चुकून स्त्रीरोगासाठी दिले गेले आणि अकरा स्त्रियांची दृष्टी काही काळ गेली. देणाऱ्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

या अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतले एक तत्त्व मी आमच्या खोलीतल्या भिंतीवर मराठीत लिहून लावले आहे: देणाऱ्याच्या देशात जो दर्जा चालत नाही, तो घेणाऱ्याच्या देशातही चालणार नाही. पण त्याच तत्त्वांमध्ये असेही म्हटले आहे की एकदा रुग्णाला दिली गेलेली आणि परत आलेली औषधे, तसेच डॉक्टरांना मिळालेले मोफत नमुने, दान करू नयेत. मग आम्ही करतो ते काय, हा प्रश्न मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की ती तत्त्वे मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात, अनोळखी भाषेतल्या वेष्टनांत, अनोळखी डॉक्टरांकडे जाणाऱ्या मदतीसाठी लिहिली गेली. आमच्याकडे औषध एकाच शहरात फिरते, नाव तेच असते, डॉक्टर ते औषध रोज लिहितात, रुग्ण समोर असतो आणि मधे फार्मासिस्ट असतो. तरीही त्या नियमामागची भीती खरी आहे, हे मी मान्य करते. औषध एकदा घराच्या उंबऱ्याच्या आत गेले की त्याच्या साठवणीचा साक्षीदार फक्त ते घर असते. म्हणून आम्ही जास्त नाकारतो आणि कमी स्वीकारतो.

इतर देशांनी याचे वेगवेगळे मार्ग काढले. फ्रान्समध्ये औषधांच्या दुकानांत परत आलेली औषधे पूर्वी काही प्रमाणात गरीब देशांना पाठवली जात. २००८ च्या अखेरीस ते बंद करण्यात आले आणि आता सिक्लामेड ही यंत्रणा ती गोळा करून जाळून टाकते. अमेरिकेतल्या आयोवा राज्याने याच्या उलट पाऊल उचलले. तिथे २००७ पासून सीलबंद वेष्टनातली शिल्लक औषधे तपासून कमी उत्पन्नाच्या रुग्णांना देण्याची राज्यपातळीवरची व्यवस्था आहे. मला आयोवाची दिशा आपल्याला जवळची वाटते, पण ती दिशा कायद्याने आखून दिलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे हे काम माणसांच्या तळमळीवर उभे राहिले आहे. दिल्लीत रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केलेले ओंकारनाथ शर्मा २००८ मध्ये लक्ष्मीनगरला मेट्रोच्या बांधकामात झालेल्या अपघातानंतर, औषधांअभावी हाल होणारे गरीब जखमी पाहून, भगवा सदरा घालून दारोदार उरलेली औषधे मागत फिरू लागले आणि लोक त्यांना ‘मेडिसिन बाबा’ म्हणून ओळखू लागले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, मुंबईतल्या एका डॉक्टर दांपत्याने ‘मेड्स फॉर मोअर’ नावाने बऱ्या झालेल्या रुग्णांच्या घरची न वापरलेली औषधे जमवायला सुरुवात केली. सोसायट्यांमधून दहा दिवसांत वीस किलो औषधे जमली आणि ती ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे गेली. त्या दिवसांत औषधासाठी माणसे रात्र-रात्र फोन करत होती, हे ज्यांनी अनुभवले त्यांना त्या वीस किलोंचे मोल सांगायला नको.

मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम १८ (क) मध्ये परवान्याशिवाय औषधांची विक्री आणि साठा यांच्याबरोबर वाटपालाही मनाई आहे. हेतू धर्मादाय आहे म्हणून हे कलम सैल होत नाही आणि होऊही नये. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे. घरून परत आलेल्या औषधांचे काय करावे, याची वेगळी तरतूद मात्र आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे गणेश मंडळाने किंवा सोसायटीने हौसेने पेटी ठेवून औषधे जमवणे आणि वस्तीत शिबिर घेऊन वाटणे, हे कायद्याला धरून नाही आणि रुग्णाच्या हिताचेही नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने काही ठरावीक, महागड्या, सीलबंद औषधांपुरती तरी नियमावली करावी, कोणत्या रुग्णालयांनी ती स्वीकारावी आणि नोंद कशी ठेवावी हे ठरवून द्यावे, अशी आमच्यासारख्या अनेकांची इच्छा आहे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. तिथे समाजसेवा विभाग आहे, परवानाधारक औषध विभाग आहे, रुग्णाची कागदपत्रे तपासण्याची पद्धत आहे. नवे काही उभारण्याआधी याच जागा वापरता येतील.

ज्यांच्या घरी अशी औषधे आज आहेत, त्यांच्यासाठी काही प्रत्यक्ष गोष्टी सांगते. पट्ट्या कापू नका, खोक्यातून काढू नका, माहितीचा कागद फेकू नका. बिल सोबत ठेवा. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते आणि औषध कधी घेतले हेही कळते. रुग्णाचे नाव असलेली जागा काळ्या पेनाने झाकली तरी चालते. ज्या रुग्णालयात उपचार झाले, तिथल्या समाजसेवा विभागात आधी फोन करून विचारा, कारण त्याच डॉक्टरांकडे त्याच औषधाचा दुसरा रुग्ण असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणि उशीर करू नका. वर्षश्राद्धाच्या वेळी कपाट आवरताना औषधे सापडतात आणि मग लोक ती घेऊन येतात. त्या वेळी मुदतीचे दोन महिने उरलेले असतात, आणि दोन महिने उरलेल्या औषधाला रुग्ण शोधून, तपासून, पोहोचवेपर्यंत ते हातचे जाते. दुःखात असलेल्या घराला हे सांगणे कठीण आहे, म्हणून मी नातेवाइकांना सांगते की जवळच्या एखाद्याने, जावयाने म्हणा किंवा भाचीने, पहिल्या पंधरवड्यातच घरच्यांची परवानगी घेऊन हे एक काम आपल्याकडे घ्यावे.

जी औषधे कोणालाच देता येत नाहीत, ती बेसिनमध्ये ओतू नयेत आणि ओल्या कचऱ्यातही टाकू नयेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात मोजली होती आणि तो स्वीकारण्यासाठी स्थानिक संस्थांनी केंद्रे चालवावीत असे म्हटले होते. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून ‘एनप्राउड’ या नावाने अशी औषधे घरोघरून गोळा करण्याचा कार्यक्रम सुरू केला. आपल्या महापालिकांकडे नागरिकांनी याची मागणी लावून धरायला हवी.

औषधे उरूच नयेत, यासाठीही काही करता येते आणि अलीकडे आमचा बराच वेळ त्यात जातो. नांदेड किंवा लातूरहून पुण्याला येणारे कुटुंब एका फेरीत तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन जाते, कारण पुन्हा येण्याचे भाडे आणि बुडणारा रोज त्यांना परवडत नाही. आणि पहिल्याच महिन्यात औषध सोसले नाही तर दोन महिन्यांचे पैसे अडकतात. आम्ही ज्या कर्करोगतज्ज्ञांबरोबर काम करतो, त्यांतल्या काहींनी आता नवे औषध सुरू करताना पहिली चिठ्ठी एकाच सायकलची लिहायला आणि पुढची औषधे रुग्णाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतील अशी सोय करायला सुरुवात केली आहे. दुसरी विनंती आम्ही काही रुग्णालयांच्या औषध विभागांना लेखी केली आहे: महागड्या औषधांच्या न उघडलेल्या खोक्यांसाठी, बिल दाखवल्यास आणि ठरावीक दिवसांच्या आत आणल्यास, परतीची सोय ठेवावी आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ त्या औषधांपुरती काढून टाकावी. दोन ठिकाणी यावर बोलणी चालू आहेत. साठवणीची खात्री कशी करायची, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे, आणि न उघडलेल्या खोक्यावर विक्रीच्या वेळीच तारखेचे सील लावण्याची पद्धत आम्ही त्यावर सुचवली आहे.